दंतवैद्यकातील भूल आणि चूक : रुग्णसुरक्षेच्या कल्पनेचा एक ऐतिहासिक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या शस्त्रक्रियांना जेवढे स्थान लाभले आहे, तेवढे दात काढण्यासारख्या किरकोळ मानल्या गेलेल्या क्रियेला लाभलेले नाही. पोट उघडणे, अवयव छेदणे, हृदयाला हात घालणे या गोष्टींचा इतिहास विस्ताराने लिहिला गेला. दंतवैद्याच्या खुर्चीवर घडणाऱ्या गोष्टी मात्र बहुधा तळटीपेतच राहिल्या. तथापि वैद्यकीय प्रमाद म्हणजे काय, तो कोणाचा मानावा आणि तो टाळावा कसा, या प्रश्नांचा विचार करू जाता हीच दुर्लक्षित जागा विशेष महत्त्वाची ठरते. याचे कारण उघड आहे. ज्याचा पाय सडला आहे किंवा ज्याच्या पोटात गाठ आहे, असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळी दगावला तर मृत्यूचे खापर रोगावर फोडता येते. परंतु दातदुखीने कोणी सहसा मरत नाही. सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आलेला, एरवी धडधाकट असलेला माणूस काही मिनिटांच्या क्रियेत गतप्राण होतो, तेव्हा रोगाची ढाल पुढे करण्याची सोय उरत नाही. उपचार आणि मृत्यू यांचा संबंध अशा वेळी उघडा पडतो.

अशा मृत्यूंचे स्पष्टीकरण गेल्या पावणेदोनशे वर्षांत तीन प्रकारे केले गेले असल्याचे दिसून येते. पहिला प्रकार दोष रुग्णाच्या प्रकृतीकडे देतो: त्याचे हृदय मुळातच दुर्बळ होते, ते औषध त्याला मानवले नाही, असे तो म्हणतो. दुसरा प्रकार दोष उपचार करणाऱ्या व्यक्तीकडे देतो. तिसरा प्रकार दोष ज्या व्यवस्थेत तो उपचार घडला त्या व्यवस्थेत शोधतो. म्हणजे साधन, बैठक, माणसांची संख्या, कामाची वाटणी, नोंदीची पद्धत इत्यादींत. सोयीसाठी यांना अनुक्रमे प्रकृतिदोष, कर्तृदोष आणि व्यवस्थादोष अशी नावे देता येतील. दंतवैद्यकातील रुग्णसुरक्षेचा इतिहास म्हणजे पहिल्या दोन स्पष्टीकरणांकडून तिसऱ्याकडे झालेली, संथ आणि अनेकदा मागे वळलेली वाटचाल होय, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा येथे अवश्य आहे. मराठीत ‘भूल’ हा एकच शब्द औषधाने आणलेली निश्चेष्टता आणि अनवधानाने घडलेला प्रमाद अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. पुढील विवेचनात तो केवळ पहिल्या अर्थी योजला असून दुसऱ्या अर्थी ‘चूक’ अथवा ‘प्रमाद’ हे शब्द वापरले आहेत.

२. शोध आणि त्याची किंमत

वेदनारहित शस्त्रक्रियेचा शोध ज्या घटनांतून लागला, त्यांपैकी निर्णायक घटना दंतवैद्यांच्या हातून घडल्या, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. दात काढण्याची वेदना तीव्र, क्रिया अल्पकाळाची आणि तिला मागणी रोजची; शिवाय वेदनेच्या भीतीने रुग्ण परत फिरतो याचा अनुभव दंतवैद्याइतका दुसऱ्या कोणाला नसे. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या हार्टफर्ड गावी १० डिसेंबर १८४४ रोजी गार्डनर क्विन्सी कोल्टन याने नायट्रस ऑक्साइड वायूचे, म्हणजे ज्याला लोक हास्यवायू म्हणत त्याचे, जाहीर प्रयोग करून दाखविले. वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली, परंतु ती त्याला जाणवली नाही, हे प्रेक्षकांतील होरेस वेल्स या दंतवैद्याच्या ध्यानी आले. दुसऱ्याच दिवशी वेल्सने कोल्टनकडून स्वतः वायू घेतला आणि जॉन रिग्ज या सहव्यवसायिकाकडून आपला एक दात काढवून घेतला. पुढील महिन्यात, जानेवारी १८४५ मध्ये, बोस्टन येथे त्याने केलेले जाहीर प्रात्यक्षिक मात्र फसले. रुग्ण ओरडला आणि वेल्सची हेटाळणी झाली. वायूची पिशवी वेळेआधीच दूर केली गेली, असे कारण वेल्सने स्वतः दिले. मात्रा अपुरी पडली की भूल अपुरी राहते, हा धडा यात होता. मात्रा अधिक झाली तर काय होते, हा धडा अद्याप यावयाचा होता.

वेल्सचा पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन यानेही ३० सप्टेंबर १८४६ रोजी ईथरच्या गुंगीत एका रुग्णाचा दात काढला आणि १६ ऑक्टोबर रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ते सुप्रसिद्ध प्रात्यक्षिक घडवून आणले. त्याच वर्षाच्या १९ डिसेंबरला लंडनमध्ये जेम्स रॉबिन्सन या दंतवैद्याने ईथर देऊन दात काढला. ४ नोव्हेंबर १८४७ रोजी एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन याने क्लोरोफॉर्मचा अनुभव घेतला आणि काही आठवड्यांतच त्याचा प्रसार झाला. ईथरला उपकरण लागे, वेळ लागे, त्याचा वास उग्र. क्लोरोफॉर्म मात्र रुमालावर चार थेंब टाकून देता येई. ही सुलभताच पुढे घातक ठरली.

२८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळील विनलेटन या खेड्यात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता काही क्षणांतच मरण पावली. क्लोरोफॉर्मने झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानला जातो. शस्त्रक्रिया दाताची नव्हती, परंतु वर्गाने ती तीच होती: किरकोळ, अल्पकाळाची आणि निरोगी देहावरील. सिम्प्सनने या मृत्यूचा दोष क्लोरोफॉर्मला देण्याचे नाकारले. तिला शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात घातलेले पाणी व ब्रँडी घशात अडकून ती गुदमरली, असे त्याचे म्हणणे पडले. औषध निर्दोष, चूक सोबत्यांची, हा कर्तृदोषाचा पक्ष येथे प्रथमच स्पष्टपणे मांडला गेला. ते स्पष्टीकरण खरे असो वा नसो, त्याने एक गोष्ट साधली: औषधाची सर्वसाधारण तपासणी लांबणीवर पडली.

३. मृत्यूंची मोजणी : जॉन स्नो

या वादाला शास्त्रीय वळण देण्याचे श्रेय लंडनच्या जॉन स्नो याला द्यावे लागेल. पटकी पाण्यातून पसरते या त्याच्या सिद्धांतामुळे तो आज अधिक प्रसिद्ध आहे. परंतु भूल देणे हाच त्याचा मुख्य व्यवसाय होता. क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंच्या हकिकती नियतकालिकांतून आणि मृत्युचौकशीच्या वृत्तांतांतून गोळा करून त्याने सुमारे ५० प्रकरणे एकेक करून तपासली. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, १८५८ मध्ये, प्रसिद्ध झाला.

स्नोच्या पद्धतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, तो एकेका मृत्यूचे स्वतंत्र समर्थन अथवा निषेध करीत बसला नाही. सर्व प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून त्यांत समान काय आहे हे त्याने पाहिले. दुसरी म्हणजे, ‘रुग्णाची प्रकृतीच तशी होती’ या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही. मृत्यू पावलेल्यांपैकी अनेक जण तरुण व सशक्त होते, शस्त्रक्रिया लहान होत्या आणि त्यांत दात काढण्याच्या क्रियाही होत्या. क्लोरोफॉर्मची वाफ हवेत फार दाट झाली की ती हृदयालाच एकाएकी निकामी करते, असा त्याचा निष्कर्ष होता. रुमालावर टाकलेल्या औषधाची वाफ कधी विरळ, कधी दाट होते. म्हणून वाफेचे प्रमाण शेकडा ४ ते ५ च्या पलीकडे जाऊ न देणारे उपकरण वापरावे, असा त्याचा आग्रह होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर स्नोने देणाऱ्याच्या कौशल्याकडून साधनाच्या रचनेकडे बोट दाखविले. तथापि रुमालाची सोय सोडण्यास बहुसंख्य व्यावसायिक तयार नव्हते. व्यवस्थादोष ओळखला गेला तरी तो दूर करण्याची किंमत मोजण्याची तयारी लागते, हे या प्रसंगावरून दिसते.

४. हैदराबाद आयोग आणि पाहण्याची मर्यादा

क्लोरोफॉर्मच्या वादाचा एक महत्त्वाचा अध्याय हिंदुस्थानात, तोही हैदराबाद संस्थानात, घडला. मराठवाडा त्या काळी याच संस्थानाचा भाग होता. हैदराबादच्या वैद्यक विद्यालयाचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे पाहण्याची गरज नाही, श्वास तेवढा सतत पाहावा, म्हणजे मृत्यू होणारच नाही, ही त्यांची श्रद्धा होती. निजाम मीर महबूब अली खान यांच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ मध्ये पहिला आयोग बसला. त्याच्या निष्कर्षांवर लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निजामांनीच १००० पौंड देऊन त्या नियतकालिकाच्या प्रतिनिधीस पाचारण केले. त्यानुसार १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे हैदराबादला आले आणि दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. याच विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी यांचा जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत समावेश केला जातो, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे.

दुसऱ्या आयोगाचा निर्णय लॉरी यांच्या मताला पोषक ठरला: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून; म्हणून श्वासावर लक्ष ठेवणारा सावध असला तर रुग्ण सुरक्षित आहे. या निर्णयात एक मोठी गोष्ट खरी होती. श्वासाकडे अखंड लक्ष द्यावे, भूल देणाऱ्याने शस्त्रक्रिया पाहण्यात रमू नये, हा उपदेश आजही तितकाच ग्राह्य आहे. परंतु त्यातून निघणारा दुसरा अर्थ अधिक कठोर होता. श्वास पाहिला असता मृत्यू अशक्य असेल, तर मृत्यू झाला याचाच अर्थ श्वास पाहिला गेला नाही. म्हणजे प्रत्येक मृत्यू हा देणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा ठरला. कर्तृदोषाच्या स्पष्टीकरणाला शास्त्राची अशी मुद्रा मिळाली की पुढील चौकशीचे द्वारच बंद व्हावे.

केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर या शरीरशास्त्रज्ञांनी १८९३ मध्ये क्लोरोफॉर्मचा परिणाम प्रत्यक्ष हृदयावर होतो असे प्रयोगाने दाखविले. तरीही एक कोडे उरलेच होते. औषधाचा अंमल जेव्हा सर्वांत कमी असतो, म्हणजे आरंभी किंवा भूल उतरत असताना, तेव्हाच अनेक रुग्ण एकाएकी का मरतात? आणि तेही लहान शस्त्रक्रियांत का? याचे उत्तर १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दिले. हलक्या क्लोरोफॉर्मच्या भुलेत असलेल्या मांजरांना ॲड्रिनलिन टोचले असता हृदयाच्या निलयांचे नियमित आकुंचन मोडून नुसते कंपन सुरू होते आणि मृत्यू येतो, असे त्यांनी सिद्ध केले. भय आणि वेदना यांमुळे हेच द्रव्य शरीर स्वतः रक्तात सोडते. हैदराबादचे प्रयोग मुख्यतः औषध वाढवीत नेऊन श्वास बंद पाडण्याचे होते. साहजिकच हलक्या भुलेतील मृत्यू त्यांच्या दृष्टीस पडला नाही. जे शोधण्याची सोय प्रयोगाच्या रचनेत नव्हती ते चारशे प्राण्यांतही सापडले नाही. संख्येने निष्कर्षाला बळ येते, परंतु प्रश्न चुकीचा असेल तर संख्या चुकीलाच बळकटी आणते, हा या आयोगाचा इतिहासकारासाठी मुख्य बोध होय.

दंतवैद्यकाच्या दृष्टीने लेव्हींच्या शोधाचा अर्थ गंभीर होता. भयभीत रुग्ण, घाईने दिलेली हलकी भूल आणि भूल पुरती चढण्यापूर्वीच ओढलेला दात, ही दंतवैद्याच्या खोलीतील नित्याची स्थितीच मृत्यूला सर्वांत अनुकूल होती. दंतवैद्य ज्याला सावधगिरी समजत होता, म्हणजे ‘थोडकेच औषध’, तीच येथे धोक्याची होती. अशा मृत्यूत निष्काळजीपणा शोधणाऱ्याला तो सापडला नसता आणि प्रकृतिदोष शोधणाऱ्यालाही शवपरीक्षेत काही आढळले नसते.

५. हास्यवायूचे पुनरागमन

क्लोरोफॉर्मच्या मृत्यूंमुळे दंतवैद्यकाची दृष्टी पुन्हा नायट्रस ऑक्साइडकडे वळली. १८६३ मध्ये कोल्टनने त्याचे पुनरुज्जीवन केले आणि न्यूयॉर्कमध्ये केवळ वेदनारहित दंतनिष्कासनाला वाहिलेली संस्था काढली. त्याने आपल्या रुग्णांच्या सह्या एका लांबलचक गुंडाळीवर घेण्याची प्रथा पाडली. ही गुंडाळी जाहिरातीसाठी होती हे खरे. पण किती जणांना वायू दिला याची सलग गणती ठेवण्याचे ते एक आरंभीचे उदाहरणही होते. मृत्यूंच्या आकड्याला छेद म्हणून एकूण प्रयोगांचा आकडा नसेल तर धोका मोजता येत नाही. स्नोपाशी मृत्यूंची यादी होती, पण सर्वत्र मिळून किती जणांना क्लोरोफॉर्म दिला गेला याची गणना कोणापाशीच नव्हती. पॅरिसमधील अमेरिकन दंतवैद्य थॉमस इव्हान्स याने १८६८ मध्ये हा वायू लंडनच्या दंतरुग्णालयात आणला आणि तेथून तो ब्रिटनभर रूढ झाला.

नायट्रस ऑक्साइड क्लोरोफॉर्मपेक्षा पुष्कळच सुरक्षित होता, यात शंका नाही. परंतु तो निर्भेळ दिला असता रुग्णाला प्राणवायू मिळत नाही. ओठ निळे पडणे, अंगाला झटके येणे ही लक्षणे बराच काळ भुलेचीच लक्षणे समजली गेली. वस्तुतः ती अंशतः गुदमरण्याची होती. शिकागोच्या एडमंड अँड्र्यूज यांनी १८६८ मध्येच वायूत सुमारे पंचमांश ऑक्सिजन मिसळण्याचे सुचविले, आणि लंडनचे फ्रेडरिक ह्यूइट यांनी शतकाच्या अखेरच्या दशकात दोन्ही वायू मिसळून देणारे व्यवहार्य उपकरण सिद्ध केले. तरीही कमी ऑक्सिजनच्या मिश्रणाने झटपट भूल देण्याची सवय दंतवैद्यकातून जावयास आणखी अर्धे शतक लागले. एका बैठकीत अनेक रुग्ण, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटे, असा जो व्यवसायाचा हिशेब होता त्याला मंद गतीची भूल मानवत नव्हती. सुरक्षिततेचे ज्ञान आणि तिचा स्वीकार यांमधील अंतर बहुधा अज्ञानाचे नसते, कामाच्या रचनेचे असते.

याच काळात दुसरा मार्ग मोकळा झाला. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखविला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी खालच्या जबड्याची नस बधिर केली. त्या प्रयोगांत हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या व्यसनात सापडले. आइनहॉर्न यांनी सिद्ध केलेले प्रोकेन १९०५ पासून प्रचारात आले, हाइनरिख ब्राउन यांनी बधिरीकरणाच्या द्रवात ॲड्रिनलिन मिसळण्याची पद्धत पाडली आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लोफग्रेन यांनी लिग्नोकेन शोधले. रुग्ण जागा राहतो, स्वतः श्वास घेतो, स्वतः गिळतो आणि त्रास झाल्यास सांगतो, या साध्या गोष्टींनी दंतवैद्यकातील जेवढे प्राण वाचविले तेवढे बहुधा कोणत्याही उपकरणाने वाचविले नसतील.

६. एक माणूस, दोन कामे

विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये उरलेला मोठा प्रश्न असा होता: दात काढणारा आणि भूल देणारा ही व्यक्ती एकच असावी काय? एकच मनुष्य एका हाताने औषध देतो व दुसऱ्या हाताने काम करतो, ही पद्धत स्वस्त होती, सुटसुटीत होती आणि कुशल मंडळींच्या हाती ती पुष्कळदा निर्विघ्न पारही पडे. या यशामुळेच तिच्यावरील टीका तिच्या पुरस्कर्त्यांना अन्यायाची वाटली. शिरेतून मेथोहेक्सिटोन थोडे थोडे टोचीत राहण्याच्या पद्धतीवर १९६९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रतिकूल शोधनिबंध आला, तेव्हा प्रकरण बदनामीच्या खटल्यापर्यंत गेले. शास्त्रीय मतभेदाचा निवाडा न्यायालयाच्या पायरीवर शोधावा लागणे, ही त्या व्यवसायात व्यक्तीची प्रतिष्ठा आणि पद्धतीची चिकित्सा यांची किती गल्लत झाली होती त्याची खूण होय.

बैठकीचा प्रश्नही असाच. दंतवैद्याला सोयीचे म्हणून रुग्ण ताठ बसविला जाई. १९५७ मध्ये जे. जी. बोर्न यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की, वायूच्या अंमलाखाली बसलेल्या रुग्णाला घेरी आली तर ती कोणाच्या ध्यानी येत नाही. जागा माणूस घेरी येताच खाली पडतो आणि आडवा झाल्याने मेंदूला रक्त पुन्हा मिळते. खुर्चीत धरून ठेवलेल्या माणसाला पडण्याचीही सोय नसते. मेंदूची हानी अशा प्रकारे औषधाने नव्हे, तर खुर्चीने घडते. या मतावर वाद झाला, तरी रुग्णाला आडवे ठेवून उपचार करण्याच्या प्रथेला त्याने मोठी चालना दिली. येथे खुर्चीची रचना, म्हणजे निव्वळ व्यवस्था, मृत्यूचे कारण म्हणून पुढे आली, हे विशेष होय.

यापुढील टप्पे शासकीय आहेत. पोस्विलो समितीचा अहवाल १९९० मध्ये आला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलने पूर्ण भुलेवर कडक बंधने घातली. २००० मध्ये शासकीय आढावा प्रसिद्ध झाला आणि ३१ डिसेंबर २००१ नंतर अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयाबाहेर दंतोपचारासाठी पूर्ण भूल देणे बंद झाले. म्हणजे दंतवैद्याच्या खोलीत जन्मलेली भूल दीडशे वर्षांनी त्याच खोलीतून बाहेर गेली. एकेका दंतवैद्याला अधिक सावध राहण्याचा उपदेश पिढ्यान् पिढ्या झाला होता. अखेरीस जे उपयोगी पडले ते उपदेशाहून वेगळे होते: धोक्याचे काम जेथे मदतीला माणसे व साधने आहेत तेथेच करावयाचे, हा नियम.

७. चूक होऊच नये अशी रचना

या दीर्घ अनुभवातून एक तत्त्व निष्पन्न झाले: मनुष्य चुकणारच, म्हणून चूक घडणे कठीण आणि घडल्यास ती लवकर उघडी पडणे सोपे, अशी रचना असावी. वायूंच्या नळकांड्यांचे उदाहरण यासाठी उद्बोधक आहे. ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइडचे नळकांडे जोडले जाणे ही भूलशास्त्रातील जुनी व भयंकर चूक. रंगावर विसंबावे तर रंग देशोदेशी निरनिराळे: अमेरिकेत ऑक्सिजनचा रंग हिरवा, तर ब्रिटिश व भारतीय परंपरेत काळे अंग व पांढरा गळा. १९५२ मध्ये अमेरिकेत नळकांड्याच्या झडपेवर ठराविक जागी दोन छिद्रे आणि उपकरणावर त्यांत बसणाऱ्या दोन खुंट्या, अशी योजना स्वीकारली गेली. ऑक्सिजनसाठी दुसरी व पाचवी जागा, नायट्रस ऑक्साइडसाठी तिसरी व पाचवी. चुकीचे नळकांडे त्या जागी बसतच नाही. अंधारात, घाईत, थकव्यातही बसत नाही. त्याचप्रमाणे शामक म्हणून नायट्रस ऑक्साइड देणाऱ्या आधुनिक दंतोपकरणांत ऑक्सिजनचे प्रमाण शेकडा ३० च्या खाली येऊ शकत नाही आणि ऑक्सिजन संपताच दुसरा वायूही आपोआप थांबतो. यालाही मर्यादा आहेत. खुंटी मोडू शकते, भिंतीआडच्या नळ्यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून रचना ही दक्षतेची जागा घेत नाही. ती दक्षतेचा भार हलका करते, एवढेच.

दुसरे उदाहरण चुकीचा दात काढला जाण्याचे. दातांना क्रमांक देण्याच्या एकाहून अधिक पद्धती प्रचलित आहेत. व्हिएन्नाच्या झिगमाँडी यांनी १८६१ मध्ये तोंडाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातील दात मोजण्याची पद्धत दिली. आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाने १९७० मध्ये दोन अंकांची पद्धत स्वीकारली, तर अमेरिकेत १ ते ३२ अशी सलग मोजणी चालते. परिणामी ‘१८’ हा आकडा पहिल्या पद्धतीच्या वाचकाला वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ सांगतो, तर अमेरिकन वाचकाला खालच्या डाव्या बाजूची दुसरी दाढ. पत्र लिहिणारा बरोबर, वाचणारा बरोबर, आणि तरीही दात चुकीचा. अशा प्रमादात दोषी व्यक्ती शोधणे निरर्थक ठरते. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने चुकीचा दात काढणे ही ‘कदापि न घडावी अशी घटना’ मानली होती. परंतु ती हमखास टाळू शकेल इतका भक्कम अडसर अद्याप उपलब्ध नाही म्हणून २०२१ मध्ये ती त्या यादीतून वगळली. या निर्णयात चुकीचे समर्थन नाही. अडसर उभारल्यावाचून ‘कदापि’ हा शब्द वापरू नये, एवढीच प्रांजळ कबुली आहे.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने वैद्यकीय प्रमादांवर प्रसिद्ध केलेल्या अहवालाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुढे आणलेल्या शस्त्रक्रियेच्या पडताळणी-सूचीने याच विचाराला सर्वमान्यता दिली. नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत या सूचीची परीक्षा झाली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. दंतवैद्यकात हीच सूची संक्षिप्त रूपात वापरता येते: रुग्णाचे नाव विचारणे, दात बोटाने दाखवून रुग्णाकडून होकार घेणे, क्ष-किरण चित्र उलटे तर धरलेले नाही ना हे पाहणे, ॲलर्जी व चालू औषधे विचारणे. यांतील एकही गोष्ट अवघड नाही. म्हणूनच ती राहून जाते.

८. भारतीय संदर्भ

भारतात दंतवैद्यकाचे संघटित शिक्षण १९२० मध्ये कलकत्ता येथे डॉ. रफीउद्दीन अहमद यांच्या महाविद्यालयाने सुरू झाले आणि १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने व्यवसायाची नोंदणी व नियंत्रण यांची चौकट दिली. नोंदणी ही सुरक्षिततेची पहिली पायरी खरी. कारण अनोळखी हातांत स्वतःला सोपविणाऱ्या रुग्णाला ती किमान शिक्षणाची शाश्वती देते. परंतु नोंदणीकृत दंतवैद्याच्या हातूनही चूक होते, आणि तेथे नोंदणीपुस्तक गप्प असते.

ती पोकळी बऱ्याच अंशी न्यायालयांनी भरली. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणी त्याच न्यायालयाने डॉक्टरावर फौजदारी जबाबदारी येण्यासाठी निष्काळजीपणा साधा असून चालणार नाही, तो घोर असला पाहिजे, असे ठरविले. त्या प्रकरणातील मूळ तक्रार रुग्णाला जोडलेले ऑक्सिजनचे नळकांडे रिकामे निघाल्याची होती, ही गोष्ट या विवेचनाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. रिकामे नळकांडे कोणाची चूक? जोडणाऱ्याची, भरणाऱ्याची, तपासण्याचे काम कोणाकडेच न सोपविणाऱ्याची, की दुसरे नळकांडे हाताशी न ठेवणाऱ्या व्यवस्थेची? कायद्याला व्यक्ती हवी असते. सुरक्षिततेला कारण हवे असते. दोन्हींचे मार्ग नेहमी एकच असतात असे नाही. नातेवाइकांची न्यायाची मागणी रास्त आहे आणि ती डावलून सुरक्षिततेची भाषा बोलणे हृदयशून्यपणाचे ठरेल. परंतु शिक्षेच्या भयाने चूक लपविली गेली तर पुढील रुग्णाला तिचा धडा मिळत नाही, हेही तितकेच खरे.

९. उपसंहार

सिम्प्सनने सोबत्यांकडे बोट दाखविले, लॉरींनी लक्ष न देणाऱ्याकडे. स्नोने वाफेच्या प्रमाणाकडे, लेव्हींनी भय व हलकी भूल यांच्या संयोगाकडे, बोर्न यांनी खुर्चीकडे. यांपैकी पहिले दोघे अप्रामाणिक नव्हते. आपल्या उपचारावर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता आणि तोच त्यांच्या दृष्टीआड आला. उरलेल्या तिघांच्या यशाचे रहस्य असामान्य बुद्धिमत्तेपेक्षा प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. ‘कोण चुकले?’ हा प्रश्न त्यांनी टाकून दिला नाही. त्याच्या आधी ‘काय घडले, आणि ते पुन्हा घडण्यास कोणती परिस्थिती अनुकूल आहे?’ हा प्रश्न ठेवला.

दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तंत्र शिकविले जाते. त्या तंत्रामागील मृत्यूंचा इतिहास सहसा शिकविला जात नाही. नळकांड्यावरील दोन छिद्रे, मागे झुकणारी खुर्ची, दात काढण्यापूर्वी रुग्णाला पुन्हा विचारलेला प्रश्न, या प्रत्येकामागे अशा चुकांचा अनुभव उभा आहे ज्यांची किंमत कोणीतरी मोजली आहे. नियमामागचे कारण ठाऊक असलेला मनुष्य घाईच्या वेळीही नियम सहसा मोडीत नाही. हॅना ग्रीनरच्या मृत्यूला पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. तथापि लहान उपचारासाठी विश्वासाने आलेला रुग्ण जसा आला तसा घरी परत जावा, ही त्या वेळची अपेक्षा आजही तीच आहे.